साखरेचा सहकार आणि भाकरीचा सहकार

(पुणतांबा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या वर्गात धान्याचा विचार दोन टोकांकडून होतो. एका टोकाला उत्पादक असतो, दुसऱ्या टोकाला उपभोक्ता, आणि मध्ये बाजार. फळ्यावर दोन रेषा काढल्या, त्या एकमेकींना छेदतात तिथे खडूने ठिपका दिला, की किंमत सिद्ध झाली. तीसएक वर्षे त्या रेषा मी काढल्या आणि त्या निरुपयोगी आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु त्या रेषांत एक गोष्ट कधीच दिसत नाही. धान्य कोणी खात नाही. माणूस भाकर खातो. धान्याचे पोते आणि ताटातली भाकर यांच्यामध्ये हमालाची पाठ आहे, आडत्याची गादी आहे, पिठाची गिरणी आहे, चुलीचा जाळ आहे, भाकर थापणाऱ्या बाईचे हात आहेत, जागेचे भाडे आहे आणि मालकाचा नफा आहे. यांपैकी कोणाच्या पदरात किती पडते, हे पाहिल्यावाचून शेतमालाच्या भावाचा प्रश्न पुरता कळत नाही, आणि तो कळल्यावाचून सुटण्याची आशा तर नाहीच.

आज ज्या संस्थेविषयी मी बोलणार आहे ती एक साधी शाकाहारी खाणावळ आहे. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ती सुरू केली आणि तिला नाव दिले ‘कष्टाची भाकर’. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. पुण्याच्या खाणावळीची कथा पुणतांब्याच्या शेतकऱ्यांना कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की या गावाने १ जून २०१७ रोजी सबंध महाराष्ट्राला धान्य, दूध आणि भाजीपाला पिकवणाऱ्याच्या बाजूने एक प्रश्न विचारला. तोच प्रश्न हमालांनी खाणाऱ्याच्या बाजूने त्रेचाळीस वर्षे आधी विचारला होता. ही दोन टोके अजून एकमेकांना भेटलेली नाहीत. ती भेटली पाहिजेत, एवढेच माझ्या आजच्या बोलण्याचे तात्पर्य आहे.

हमालाच्या भुकेतून

हमाल पंचायत उभी राहिली ती डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने, गेल्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या मध्यास. नाना पेठ आणि भवानी पेठ हा त्या काळचा पुण्याचा भुसार बाजार. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून हातगाडीवर नेणाऱ्या माणसाला कोणी कामगार मानीत नव्हते. त्याला मालक नव्हता, हजेरीपुस्तक नव्हते, रजा नव्हती. होती ती फक्त पोत्यामागे मिळणारी हमाली, आणि तीही व्यापाऱ्याच्या मर्जीवर. या माणसांची संघटना बांधणे हे काम गिरणी कामगारांची युनियन बांधण्याहून अवघड होते, कारण गिरणीला निदान एक दरवाजा असतो. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला आणि असंघटित श्रमिकाला कायद्याच्या पुस्तकात प्रथमच जागा मिळाली. त्यामागे अशा अनेक चळवळींचा रेटा होता.

मजुरीचा दर वाढवून घेतला तरी त्या वाढीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र राहतोच. नगर, बीड, सोलापूर, साताऱ्याच्या कोरडवाहू भागांतून आलेला हमाल बहुधा एकटा असे. बायकापोरे गावी, आणि हा शहरात कुठे तरी पाठ टेकणारा. त्याच्या कमाईतला मोठा वाटा दोन वेळच्या जेवणावर जाई. म्हणजे व्यापाऱ्याशी भांडून पोत्यामागे मिळवलेले पैसे हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात पडत. मजुरीची लढाई जिंकूनही पोटाची लढाई हरणे, ही कामगार चळवळीच्या वाट्याला नेहमी येणारी गोष्ट आहे. अर्थशास्त्रात आम्ही तिला वास्तव वेतनाचा प्रश्न म्हणतो. हमालाला ती व्याख्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संध्याकाळी खिशात उरलेली चिल्लर त्याला तेच सांगत होती.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. त्यापाठोपाठ महागाई अशी भडकली की मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. केंद्र सरकारने १९७३ च्या एप्रिलमध्ये गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला आणि वर्षभरातच तो निर्णय मागे घेतला. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सरकारने वरून, हुकमाने, व्यापाऱ्याची जागा घेऊ पाहिली तेव्हा सरकारजवळ गोदामे अपुरी होती, माणसे परकी होती आणि बाजाराची नस ठाऊक नव्हती. त्याच १९७४ साली पुण्याच्या हमालांनी खालून, आपल्याला पेलेल एवढेच काम हाती घेतले. साऱ्या देशाच्या गव्हाचा व्यापार त्यांनी हाती घेतला नाही. आपल्याच भाकरीचा घेतला. सरकारचा प्रयोग इतिहासजमा झाला. भाकर अजून चालू आहे.

तत्त्व अगदी थोडक्यात सांगता येते: ना नफा, ना तोटा. जो माल लागतो त्याची किंमत, जे राबतात त्यांचे वेतन, इंधन, भांडीकुंडी, आणि संस्था टिकेल एवढी तजवीज, या साऱ्यांची बेरीज करून ताटाला भागायची. त्यावर कोणाचा वाढावा नाही. झुणका-भाकर, पोळी-भाजी, आमटी-भात असे घरी मिळावे तसले जेवण. आरंभी हमालांसाठी निघालेली ही खाणावळ पुढे शहरात निरनिराळ्या ठिकाणी केंद्रे काढून सगळ्यांसाठी खुली झाली. रिक्षाचालक, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहिलेली खेड्यांतली मुले, दवाखान्यात आपले माणूस ठेवून बाहेर थांबलेले नातेवाईक, असे नाना तऱ्हेचे लोक तिथे जेवले आणि जेवतात.

एका बाकावर

पुण्याला खाणावळींची वाण कधीच नव्हती. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीसारखी नावे तर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. या खाणावळींनी गरीब विद्यार्थ्यांची आणि कारकुनांची मोठी सोय केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘पंगत’ हा शब्द आपल्या समाजात निर्मळ नाही. कोण कोणाशेजारी बसेल आणि कोण कोणाच्या हातचे खाईल, यावर आपल्याकडे माणसाचे माणूसपण ठरत आले. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ताचे वाद रंगले. एक पेला चहा एवढे वादळ उठवू शकत होता. आणि तो वाद वरच्या वर्णांपुरता होता; ज्यांना पाणवठ्याला शिवण्याचीही मुभा नव्हती त्यांच्यावर ग्रामण्य करण्याची कोणाला गरजही भासली नसती.

ज्या बाबा आढावांनी हमालांची खाणावळ काढण्यात पुढाकार घेतला, त्यांनीच १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्रातली गावे पालथी घातली. हा योगायोग मानता येणार नाही. पाणवठा एक करायचा आणि पंगत वेगवेगळी ठेवायची, हे चालणारे नव्हते. हमालांमध्ये मराठा होते, धनगर होते, वंजारी होते, दलित होते, मुसलमान होते. या सगळ्यांनी एका बाकावर बसून, एकाच पातेल्यातले, कोणाची जात न विचारता थापलेली भाकर खावी, यासाठी कोणी प्रवचन दिले नाही. भूक लागली, ताट समोर आले, शेजारी जो होता तो होता. समतेची पुष्कळशी कामे अशी, ती समतेची आहेत हे कोणी न बोलता होतात.

इथे शाकाहाराविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आजकाल त्याचा उच्चार निराळ्याच हेतूने होऊ लागला आहे. घर भाड्याने देताना, वसतिगृहात टेबल मांडताना, शाळेतल्या पोरांच्या ताटात अंडे घालावे की नाही हे ठरवताना, शाकाहार ही एक भिंत म्हणून उभी केली जाते. भिंतीच्या अलीकडचे शुद्ध, पलीकडचे अशुद्ध. ‘कष्टाची भाकर’ शाकाहारी आहे ती निराळ्या अर्थाने. डाळ, बेसन, ज्वारी, बाजरी आणि त्या त्या हंगामातली भाजी यांत पोट भरते, ते स्वस्त पडते, आणि ते सगळ्यांना चालते. ज्याच्या घरी मटण शिजते त्याला इथे कमी लेखले जात नाही आणि ज्याला ते चालत नाही त्याला इथे संकोच वाटत नाही. तेच अन्न एके ठिकाणी भिंत होते आणि दुसऱ्या ठिकाणी बाक होतो. अन्नापेक्षा ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भावनेने मांडले, यावर ते ठरते.

आणखी एक गोष्ट. खाणावळीचा इतिहास हा पुष्कळसा बायकांच्या श्रमांचा इतिहास आहे आणि तो क्वचितच लिहिला जातो. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत आणले. पुण्यात हमालांनी आणि मुंबईत खाणावळवाल्यांनी, एका वर्षाच्या अंतराने, एकच शोध लावला: भाकर ही घरातली खाजगी बाब नसून ती अर्थव्यवस्थेची बाब आहे आणि तिच्याभोवती संघटना बांधता येते.

दान, अनुदान आणि संघटना

स्वस्त जेवण देण्याच्या आपल्याकडे तीन रीती आहेत. पहिली दानाची. इथून जवळच शिर्डी आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात दररोज हजारो माणसे जेवतात. तिथली स्वच्छता, शिस्त, सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून अन्न शिजवण्याची योजना, हे सारे शिकण्यासारखे आहे. पण ते चालते भाविकांच्या देणगीवर. जिथे देव मोठा तिथे देणगी मोठी आणि जिथे देणगी मोठी तिथे पंगत मोठी. प्रत्येक बाजारगावाला शिर्डी होता येत नाही. शिवाय तिथे जेवणारा हा पाहुणा असतो. त्याने हिशेब विचारायचा नसतो.

दुसरी रीत अनुदानाची. महाराष्ट्रात १९९५ साली आलेल्या युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. गरिबाच्या ताटाचा विचार सरकारने केला याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ज्वारी, बेसन, जळण आणि मजुरी यांची बेरीज एक रुपयात बसत नव्हती, आणि मधली फट सरकारी तिजोरीने भरायची होती. तिजोरीचा हात आखडताच भाकर दिसेनाशी झाली. केंद्रांच्या मोक्याच्या जागा तेवढ्या राहिल्या. अनेक ठिकाणी त्या जागांवर झुणका-भाकरीची पाटी तशीच ठेवून दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले. पुढे २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे आणि शहरात चाळीस, ग्रामीण भागात पंचवीस रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे, अशी ती योजना. कोरोनाच्या काळात या थाळीने अनेकांना तारले, हे निर्विवाद आहे. परंतु पुढे केंद्रचालकांची देयके महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. सरकार बदलले की योजनेचे नाव बदलते, नाव बदलले की निधी आटतो, निधी आटला की चूल विझते.

तिसरी रीत संघटनेची. तिच्यात देणारा आणि घेणारा वेगळा नसतो. ताटाची किंमत जेवणारा स्वतः भरतो, म्हणून तो कोणाचा मिंधा नसतो. आणि त्या किमतीत नफा नसतो, म्हणून ती त्याला परवडते. या रीतीची इतर उदाहरणे आहेत. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या सल्ल्याने तिथल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली, आणि इंडियन कॉफी हाऊसची ती परंपरा देशाच्या अनेक शहरांत आजही टिकून आहे. टिकण्याचे कारण सोपे आहे. दान देणाऱ्याला कंटाळा येऊ शकतो, सरकार पडू शकते, मालकाला दुसऱ्या धंद्यात अधिक नफा दिसू शकतो. ज्याला रोज दुपारी भूक लागते तो मात्र खाणावळीला कंटाळत नाही.

दानाला आणि अनुदानाला माझा सरसकट विरोध नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, निराधारांना, दुष्काळात आणि साथीत सरकारने फुकट जेवू घातलेच पाहिजे. ते त्याचे कर्तव्य होय. माझे म्हणणे एवढेच की राबणाऱ्या धडधाकट माणसाला त्याच्या रोजच्या भाकरीसाठी कोणाच्या दयेवर ठेवणे हा समाजवाद नव्हे.

ताटाचा हिशेब

आता आपल्या मनातल्या खऱ्या शंकेकडे येतो. पुणतांब्याचा शेतकरी मला विचारील: “सर, शहरातल्या माणसाला भाकर स्वस्त मिळावी म्हणून तर आमच्या मालाचे भाव पाडले जातात. कांदा जरा वर गेला की निर्यात बंद, डाळ वर गेली की आयात सुरू. स्वस्त भाकरीचे गोडवे तुम्ही आमच्यापुढे कसे गाता?”

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. दोन भाकरी आणि झुणका असे एक ताट घ्या. एका भाकरीला शंभर ग्रॅम ज्वारी धरू. मालदांडी ज्वारीची २०२५-२६ ची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. म्हणजे एका भाकरीत ज्वारीचे पावणेचार रुपये, दोन भाकरींत साडेसात. झुणक्याला पाऊणशे ग्रॅम हरभरा धरू. हरभऱ्याची २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामाची आधारभूत किंमत ५,६५० रुपये. त्या दराने सव्वाचार रुपये. दोन्ही मिळून पावणेबारा रुपये. तेल, कांदा, मिरची वेगळी. हा हिशेबही आधारभूत किंमत प्रत्यक्ष हातात पडली असे धरून. ती किती जणांच्या हातात पडते हे आपण माझ्याहून अधिक जाणता.

आता या दोन पिकांचा भाव शेतकऱ्याला सव्वापट द्यायचा ठरवला, म्हणजे ज्वारीला क्विंटलमागे नऊशेहून अधिक आणि हरभऱ्याला चौदाशे रुपये जास्त, तर ताटामागे वाढ किती होईल? तीन रुपये. मित्रहो, हा आकडा आपण घरी जाऊन पुन्हा करून पाहा. ज्या वाढीने शेतकऱ्याच्या घरातले कर्ज फिटू शकते, ती वाढ जेवणाऱ्याच्या ताटात तीन रुपयांची आहे. शहरात साध्या हॉटेलातल्या थाळीला शंभराच्या पुढे मोजावे लागतात. त्यातला पिकवणाऱ्याचा वाटा आपण आताच पाहिला. उरलेल्यात स्वयंपाक्याची आणि वाढप्याची मजुरी आहे, इंधन आहे, ते न्याय्यच आहे. परंतु मोठा भाग जागेचे भाडे, भांडवलाचे व्याज, मधल्यांची दलाली आणि नफा यांचा असतो. शेतकरी आणि जेवणारा यांचे भांडण लावून देणारे हे विसरतात, किंवा आपण विसरावे अशी त्यांची इच्छा असते.

भाजीपाल्याची गोष्ट याहून वेगळी नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांचा हिशेब मांडला. ग्राहकाने दिलेल्या रुपयातून टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे पोचतात असे त्यांना आढळले. कांद्याचा भाव पडला म्हणून शहरातल्या भजीची प्लेट स्वस्त झाल्याचे आपण कधी ऐकले आहे काय?

‘कष्टाची भाकर’ ही या हिशेबाचे जिवंत प्रात्यक्षिक आहे. तिथे भाकर स्वस्त आहे ती शेतकऱ्याला कमी दिल्यामुळे नव्हे. ती स्वस्त आहे कारण नफ्याचा रकाना कोरा आहे, जाहिरात नाही, सजावट नाही, आणि रोज किती माणसे जेवणार याचा अंदाज असल्याने नासाडीला आळा बसतो. जो पोती पाठीवर वाहतो त्याला कोणत्या पोत्यात कोणता माल आहे याची पारख असते. त्याला किडके धान्य कोणी चांगले म्हणून विकू शकत नाही. स्वस्ताई इथे व्यवस्थेतून आली आहे, कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन आलेली नाही. एका अटीचा मात्र कधी विसर पडू नये. चुलीपुढे राबणाऱ्या बायांचे वेतन कापून जर ताट स्वस्त केले, तर व्यापाऱ्याच्या जागी आपण बसलो एवढाच फरक होईल.

साखर आणि भाकर

आपल्या नगर जिल्ह्याला सहकार शिकवावा असे कोणी म्हणू शकणार नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा थोर अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यातून देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. गाडगीळांची त्यामागची भूमिका स्पष्ट होती: ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक असावा, म्हणजे प्रक्रियेतला नफा त्याच्याकडे परत जाईल. पुढे या सहकाराचे काय झाले, सत्तेच्या राजकारणात तो कसा अडकला, हे आपण रोज पाहतो. त्याविषयी आज अधिक बोलत नाही.

पण एक गोष्ट निदर्शनास आणतो. आपण साखरेचा सहकार केला, दुधाचा केला, पतपेढीचा केला. भाकरीचा केला नाही. वस्तुतः जगात आधुनिक सहकाराचा पाया ज्या घटनेने घातला असे मानतात, ती खाणाऱ्यांच्या संघटनेची होती. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली गरीब विणकरांनी आणि कारागिरांनी पैसा पैसा साठवून एक दुकान काढले. त्यात माल होता तो पीठ, ओट, लोणी, साखर असा मोजकाच. भेसळ नसलेले पीठ रास्त भावात मिळावे, ही त्यांची क्रांती. आपण उत्पादकाचा सहकार उभा केला आणि खाणाऱ्याला मोकळ्या बाजारावर सोडून दिले. त्यामुळे आपला माल शहराच्या वेशीपर्यंत संघटित जातो आणि वेशीच्या आत गेल्यावर व्यापाऱ्याचा होतो.

या उणिवेची किंमत आपण २०१७ साली मोजली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये या गावच्या ग्रामसभेने संपावर जाण्याचा ठराव केला. कारखान्यातला कामगार संप करतो, तर शेतकरी का नाही, हा साधा आणि विलक्षण विचार होता. १ जूनला संप सुरू झाला आणि दोन दिवसांत त्याचे लोण राज्यभर पसरले. ३ जूनच्या पहाटे मुंबईत चर्चा होऊन काहींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, काहींनी तो चालू ठेवला, फूट पडली. महिनाअखेरीस ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. ती या गावाने दाखवलेल्या धैर्याचे फळ होते. परंतु भावाचा मूळ प्रश्न राहिला. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून सर्वंकष खर्चावर पन्नास टक्के, ही स्वामिनाथन आयोगाच्या नावाने झालेली मागणी. तिच्या जागी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात रोख खर्च आणि घरचे श्रम एवढ्यावरच दीडपट देण्याचे ठरले. म्हणून जून २०२२ मध्ये हे गाव पुन्हा धरण्याला बसले.

संप का फुटला याची कारणे पुष्कळ दिली जातात: नेतृत्व, पक्ष, घाई. मला त्यात आणखी एक कारण दिसते. रस्त्यावर ओतलेले दूध दूरचित्रवाणीवर पाहून शहरातला कामगार हळहळला, क्वचित चिडलाही. शेतकऱ्याचा लढा हा आपल्या ताटाचा लढा आहे असे त्याला वाटले नाही. वाटणार कसे? त्याच्या आणि आपल्यामध्ये एकही सामायिक संस्था नव्हती. पिकवणारा एकटा संपावर होता. खाणारा त्याच्या बाजूला नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जिल्ह्यात जिथे जिथे बाजार समिती आहे, मोठे एस. टी. स्थानक आहे, रेल्वेचा थांबा आहे, तिथे हमाल-मापाड्यांच्या संघटनांनी आणि शेतकऱ्यांच्या गटांनी मिळून भाकरीची खाणावळ काढावी. ज्वारी, बाजरी, डाळ, कांदा आणि भाजी शेतकऱ्यांच्या गटाने थेट पुरवावी. भाव हंगामाच्या आरंभी दोघांनी बसून ठरवावा आणि तो आधारभूत किमतीच्या खाली कधीही जाऊ नये. आपल्या परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि सोयाबीन वाढले, ज्वारी मागे हटली. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला कोरडवाहू मालदांडी अजून उभी आहे. त्या शेतकऱ्याला ठरल्या भावाचे गिऱ्हाईक मिळेल. खाणावळीच्या भिंतीवर दर महिन्याला फळा लागावा: या ताटात शेतकऱ्याला किती, स्वयंपाकघराला किती, इंधनाला किती. जेवणाऱ्याने तो वाचावा. शंभर पुस्तकांनी होणार नाही एवढे अर्थशास्त्राचे शिक्षण त्या फळ्याने होईल. बँकेचे कर्ज लागेल ते रीतसर घ्यावे. देणगी आली तर ती भांड्यांसाठी घ्यावी, रोजच्या ताटासाठी घेऊ नये. ताट आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे.

एवढ्याने शेतमालाच्या भावाचा प्रश्न सुटेल काय? नाही. काही खाणावळींनी बाजार बदलत नाही. निर्यातबंदी, आयात, हमीभावाचा कायदा, हे प्रश्न दिल्लीत आणि मुंबईतच लढावे लागतील. पण ती लढाई लढताना आपल्या बाजूला कोण उभे आहे, यावर तिचा निकाल अवलंबून असतो. जो हमाल, जो कंडक्टर, जी धुणेभांडी करणारी बाई रोज त्या बाकावर बसून तुमच्या ज्वारीची भाकर खाईल आणि फळ्यावर तुमचा वाटा वाचील, ती उद्या तुमच्या संपाच्या दिवशी “शेतकरी माजले” असे म्हणणार नाही.

बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले. त्यांचा जन्म १ जूनचा. आपल्या संपाचा दिवसही १ जून. या योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही. महत्त्व आहे ते त्यांच्या कामाच्या पद्धतीला. माणूस गेल्यावर त्याचे पुतळे उभारणे आपल्याला चांगले जमते; त्याच्या चुली पेटत्या ठेवणे जमत नाही. पुण्याचे हमाल आपली चूल सांभाळतील असा मला विश्वास वाटतो, कारण ती त्यांच्या स्वतःच्या भुकेवर पेटलेली आहे. प्रश्न आपला आहे. बाजार समितीच्या आवारात एक गाळा, दोन तवे, दहा बाया, पाच पोती ज्वारी आणि एक फळा एवढ्यावर आरंभ करता येतो. खरिपाची कामे उरकली की या गावातल्या तरुणांनी जिल्ह्यातल्या हमाल पंचायतीकडे जावे, त्यांच्याशी बोलावे आणि येत्या रब्बीच्या ज्वारीचा भाव त्यांच्याबरोबर बसून ठरवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.